संगणकाचे आयुष्य किती?

आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत दोन संगणक आहेत. त्यांतला जुना २०१५ साली सभासदांच्या वर्गणीतून घेतलेला. शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत संपत आली होती आणि नेमके त्याच वेळी त्या संगणकावर एकही संकेतस्थळ उघडेना. चालू करताना पडद्यावर इंग्रजीत काहीतरी तक्रार यायची आणि तारीख दिसायची १ जानेवारी २०१५. बैठकीत विषय निघाला. 'दहा वर्षे झाली, आता भंगारात द्या, नवीन घेऊ,' असे बहुतेकांचे मत पडले. नव्याचा अंदाज निघाला चाळीस हजारांचा. मंडळाच्या खात्यात त्या वेळी त्याच्या निम्मेही नव्हते.

शेवटी अभ्यासिकेतल्याच एका विद्यार्थ्याने झाकण उघडले, मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला, तारीख बरोबर केली आणि त्याच संध्याकाळी सात मुलांचे अर्ज भरून झाले. खर्च आला चाळीस रुपये. तो सेल संगणक बंद असतानाही आतले घड्याळ चालू ठेवतो. सेल संपला की घड्याळ मागे जाते, आणि तारीख चुकली की संकेतस्थळांची सुरक्षा तपासणी जुळत नाही, म्हणून ती उघडत नाहीत. संगणक धडधाकट होता. आपणच त्याला तिरडीवर बांधायला निघालो होतो.

या प्रसंगानंतर मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला या विषयावर लिहायला सांगितले. मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. संगणकाचे शास्त्र मी शिकलेलो नाही. परंतु रोज आठ तास त्याच्यासमोर बसतो, आणि पडलेला प्रश्न सोडायचा नाही ही सवय आहे. जे वाचले, विचारले आणि पाहिले ते सभासदांसाठी व विद्यार्थ्यांसाठी येथे मांडत आहे.

संगणक म्हणजे नेमके काय?

मिलिंद राजा आणि भदन्त नागसेन यांचा संवाद आपल्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. राजा रथात बसून आला होता. नागसेनांनी विचारले की रथ म्हणजे आस काय, चाके काय, की जू? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागले. हे सारे भाग एकत्र आले की त्या समूहाला 'रथ' हे नाव मिळते, एवढेच खरे.

संगणकाचेही तसेच आहे. पेटीत वीज पुरवणारा भाग असतो, त्याला एसएमपीएस म्हणतात. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क किंवा एसएसडी, पंखे, बाहेर कीबोर्ड, माउस, पडदा आणि यूपीएस. यांतल्या प्रत्येकाचे आयुष्य वेगळे, झिजण्याचे कारण वेगळे. म्हणून 'संगणक किती वर्षे टिकतो?' हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. कोणता भाग, कोणत्या परिस्थितीत किती टिकतो, असे विचारले तर उत्तर मिळते.

'दहा लाख तास' या आकड्याचा अर्थ

हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात पुष्कळदा सरासरी आयुष्य १० लाख तास असे लिहिलेले असते. वर्षाचे तास होतात ८,७६०. म्हणजे ही डिस्क ११४ वर्षे चालणार काय? मुळीच नाही.

हा आकडा विम्याच्या हिशेबासारखा आहे. तिशीतल्या हजार माणसांपैकी वर्षात एक दगावतो असे समजा. त्यावरून तिशीचा माणूस हजार वर्षे जगेल असे कोणी म्हणत नाही. त्या वयात मृत्यूचे प्रमाण कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ. तसेच १,००० डिस्क वर्षभर अखंड चालवल्या तर एकूण ८७ लाख ६० हजार तास होतात, आणि १० लाख तासांना एक या हिशेबाने त्यांतल्या सुमारे नऊ बिघडतील, एवढेच तो आकडा सांगतो. आपल्या घरातली डिस्क त्या नवांत असेल की उरलेल्या नऊशे एक्क्याण्णवांत, हे तो सांगत नाही.

प्रत्यक्षात प्रमाण याहून जास्त निघाले. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्याकडील एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या वर्षातल्या डिस्कपैकी शंभरात दोनाहून कमी बिघडल्या, परंतु तीन वर्षांच्या डिस्कमध्ये हे प्रमाण वर्षाला शंभरात आठाच्या वर गेले. बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कचे आकडे जाहीर करते. तिच्या अलीकडच्या आकड्यांत प्रमाण सर्वसाधारणपणे वर्षाला शंभरात एक ते दोन असे दिसते. मात्र हे सारे थंड, स्वच्छ आणि अखंड वीज असलेल्या दालनांतले आकडे आहेत. आपल्या पत्र्याच्या खोलीतले नव्हेत.

यंत्राच्या आयुष्याचे तीन टप्पे मानतात. अगदी नवे असताना कारखान्यातला दोष बाहेर येतो. मग काही वर्षे शांततेची जातात. शेवटी झीज सुरू होते आणि बिघाड वाढतात. म्हणून नवी वस्तू घेतली की पहिले एक-दोन महिने ती भरपूर वापरावी. दोष असेल तर हमीच्या मुदतीतच कळेल.

खान्देशातले तीन शत्रू

पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो, धुळ्यालाही काही कमी नसतो. मदरबोर्डवर आणि एसएमपीएसमध्ये लहान डब्यांसारखे उभे भाग दिसतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांतल्या बऱ्याच जातींच्या आत द्रव असतो आणि उष्णतेने तो हळूहळू सुकतो. त्यांच्याविषयी एक ढोबळ नियम आहे: उष्णता १० अंशांनी वाढली की आयुष्य निम्मे, आणि १० अंशांनी कमी झाली की दुप्पट.

हिशेब करून पाहू. साध्या कपॅसिटरवर १०५ अंश आणि २,००० तास अशी मर्यादा दिलेली असते. पेटीच्या आत तो ६५ अंशांवर राहिला तर ४० अंशांचा फरक पडला, म्हणजे चार वेळा दुप्पट: ३२,००० तास. रोज आठ तास, वर्षाला ३०० दिवस वापर धरला तर २,४०० तास होतात, म्हणजे सुमारे तेरा वर्षे. तोच भाग ७५ अंशांवर राहिला तर १६,००० तास, म्हणजे साडेसहा वर्षांच्या आसपास. खोलीतल्या दहा अंशांच्या फरकाने आयुष्य अर्ध्यावर आले. सावलीच्या खोलीतला संगणक आणि पत्र्याखालचा संगणक यांच्यातले अंतर हेच आहे.

साधारण १९९९ ते २००७ या काळात जगभर अनेक संगणकांत सदोष कपॅसिटर बसवले गेले होते. ज्यांनी त्या सुमारास संगणक घेतले त्यांना डब्यांची फुगलेली टोपी आणि तपकिरी गळती आठवत असेल. आजही झाकण उघडून ही टोपी सपाट आहे की फुगली आहे ते पाहावे.

दुसरा शत्रू धूळ. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. शिवाय आपला मुलूख कापसाचा. हंगामात जिनिंगच्या आसपासच्या वस्त्यांत रुईचे तंतू हवेत असतात. ते पंख्याच्या पात्यांत आणि प्रोसेसरवरच्या पन्हाळ्यांत अडकतात, त्यावर धूळ बसते आणि भर उन्हाळ्यात यंत्रावर गोधडी पांघरल्यासारखे होते. पंख्याचे बेअरिंग कोरडे पडून घरघर सुरू होते. ती घरघर ही तक्रार समजावी, सवय समजू नये. दोन-तीनशे रुपयांचा पंखा वेळेवर बदलला तर त्याच्याखालचा हजारोंचा भाग वाचतो.

येथे कूलरविषयी एक सूचना. उन्हाळ्यात आपण कूलरसमोर बसतो आणि संगणकही तिथेच ठेवतो. कूलरची हवा ओली असते, जड पाण्याचे क्षार तिच्याबरोबर येतात आणि धुळीशी मिळून त्यांचा थर बसतो. कूलरचा झोत माणसावर असावा, संगणकावर नसावा, आणि खिडकी उघडी ठेवून ओली हवा बाहेर जाऊ द्यावी.

तिसरा शत्रू वीज. २००५ नंतरची काही वर्षे खेड्यापाड्यांत लाईट बारा-बारा तास जात असे, ते दिवस आपण विसरलेलो नाही. आता तशी स्थिती नाही. परंतु लाईट जाण्यापेक्षा ती परत येण्याचा क्षण घातक असतो, कारण त्या वेळी दाब एकदम वरखाली होतो. जुन्या घरांत आणखी एक दोष आढळतो: तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेला अर्थिंगच जोडलेले नसते. पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर यंत्र वाईट आहे असे समजू नका, आधी वायरमनला बोलवा. हा यंत्राच्या आयुष्यापेक्षा माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

कोणता भाग किती टिकतो?

प्रोसेसर आणि रॅम हे सर्वांत दीर्घायुषी. त्यांत हलणारे काही नाही. नीट थंड राहिले तर बाकी सगळे जाते आणि हे उरतात. रॅम 'गेली' असे सांगितले जाते तेव्हा अनेकदा तिच्या सोनेरी पट्टीवर मळ बसलेला असतो. वीज पूर्ण काढून, पेन्सिलच्या खोडरबराने पट्टी हलकेच पुसून परत बसवली की ती चालते. प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये लेप असतो. तो चार-पाच वर्षांत सुकतो, मग नव्याने लावावा लागतो.

एसएमपीएस हा सर्वांत दुर्लक्षित भाग. स्वस्त एसएमपीएस तीन-चार वर्षांत दगा देतो आणि जाताना कधीकधी मदरबोर्डही घेऊन जातो. नवीन जोडणी करताना पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवावेत, येथे नको. हा भाग मात्र घरी उघडू नये. वीज काढल्यावरही आत धोकादायक दाब शिल्लक असतो.

हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्या वर केसाहूनही कमी अंतरावर वाचणारे टोक तरंगते. चालू असताना टेबल हलले, लाथ लागली, तर इजा होते. पाच वर्षांनंतर तिच्यावर विसंबू नये. एसएसडीत हलणारे काही नाही, पण लिहिण्याला मर्यादा आहे. २४० जीबीच्या साध्या एसएसडीला साधारण ८० टेराबाइट लिहिण्याची मर्यादा दिलेली असते. अभ्यासिकेत रोज १० जीबी लिहिले गेले असे धरले, जे बरेच झाले, तरी वर्षाला साडेतीन टेराबाइटच्या आसपास होते, म्हणजे मर्यादा गाठायला वीसहून अधिक वर्षे. त्यामुळे एसएसडी लिहून लिहून संपत नाही. ती जाते ती बहुधा आतल्या नियंत्रक भागाच्या बिघाडाने किंवा विजेच्या धक्क्याने, आणि अनेकदा काही आवाज न करता.

कीबोर्डच्या साध्या प्रकारात प्रत्येक बटन ५० लाख ते १ कोटी वेळा दाबता येते असे सांगतात. फार वाटते. परंतु बँकेच्या काऊंटरवर 'एंटर' दिवसाला चार हजार वेळा दाबले जाते असे समजा. वर्षाला अकरा लाखांच्या वर जाते आणि ५० लाख साडेचार वर्षांत पुरे होतात. म्हणून आमच्याकडे अक्षरे कोरी करकरीत असतात आणि 'एंटर' व आकड्यांची बाजू झिजलेली. घरी कीबोर्ड झिजून नाही, चहा सांडून जातो.

यूपीएसची बॅटरी सर्वांत अल्पायुषी. ती २५ अंशांचे तापमान धरून बनवलेली असते आणि उष्णतेचा निम्मे आयुष्याचा नियम तिलाही जवळजवळ तसाच लागू आहे. म्हणून आपल्याकडे दोन-अडीच वर्षांत ती दम सोडते. यूपीएस बिघडला असे समजून अख्खा टाकू नये, आधी बॅटरी बदलून पाहावी.

लॅपटॉपची लिथियम बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर पहिल्याइतकी साथ देत नाही. भरपूर उष्णता आणि कायम पूर्ण चार्ज ही जोडी तिला सर्वांत वाईट. कित्येक लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते, ती वापरावी. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवू नये, खालचे हवेचे झरोके बंद होतात. एखादी पाटी खाली ठेवली तरी पुरे. बॅटरी फुगून पॅड वर आलेले दिसले तर मात्र वापर ताबडतोब थांबवावा.

जे परत मिळत नाही

वरचे सगळे भाग पैसे टाकून परत मिळतात. एक गोष्ट मिळत नाही. हे सांगण्यासाठी घरची गोष्ट सांगावी लागेल.

१९५६ साली नागपूरच्या दीक्षा समारंभाला आमचे आजोबा भुसावळहून रेल्वेने गेले होते. २००६ साली त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा मी त्यांना बोलते केले आणि दीड तास त्यांचे बोलणे कॅसेटवर उतरवून घेतले. गाडीतली गर्दी, बरोबर बांधून नेलेल्या भाकरी, पांढरे कपडे कुठून आणले, परत आल्यावर गावात काय झाले, सगळे त्यात होते. मग ते संगणकात घेतले, आणि आता ते संगणकात आहे म्हणजे सुरक्षित आहे असे समजून कॅसेट दुसऱ्या कामाला वापरली. आजोबा पुढच्या वर्षी गेले. २०१२ च्या उन्हाळ्यात हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येऊ लागला. आठ दिवस मी तिकडे लक्ष दिले नाही. नवव्या दिवशी डिस्क उघडेना. बऱ्याच ठिकाणी दाखवली, तबकडीवर ओरखडे पडल्याचे सांगण्यात आले. डिस्क अजून कपाटात आहे. आवाज गेला तो गेला.

त्या डिस्कने आपले आयुष्य नीट भोगले होते, तिचा दोष नव्हता. चूक माझी होती. एका नश्वर वस्तूवर मी एकच प्रत ठेवली होती. अनिच्च हा शब्द आपण वंदनेनंतर ऐकतो, मान डोलावतो आणि घरी येऊन विसरतो.

म्हणून जाणकार सांगतात तो नियम पाळावा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या जागी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, जुने फोटो, वडिलधाऱ्यांच्या मुलाखती यांची एक प्रत संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात असावी. सरकारी दाखल्यांसाठी २०१५ पासून डिजिलॉकरची सोय आहे. पेनड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षे ठेवून निर्धास्त राहू नये. त्यातली आणि एसएसडीतली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, वीज न मिळता तो भार हळूहळू झिरपतो, आणि उष्णतेत अधिक वेगाने. आणि डिस्कने टक्-टक् केले तर त्याच मिनिटाला प्रत काढावी. आठ दिवस थांबू नये.

वर्षाचे साधे वेळापत्रक

होळीच्या सुमारास, ऊन तापण्यापूर्वी, झाकण उघडून ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने धूळ काढावी. पंखा बोटाने धरून ठेवावा, हवेने तो वेगाने फिरवू नये. मे महिन्यात भर दुपारी जड काम टाळावे, पेटी भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी. पावसाळ्यात संगणक वापरात नसला तरी आठवड्यातून एकदा तासभर चालू करावा म्हणजे आतली ओल जाते. विजा कडकडत असताना पिन काढून ठेवावी, नेटची तारही काढावी. दिवाळीच्या साफसफाईत एकदा परत धूळ काढावी आणि मागची रिकामी भोके झाकावीत, कारण थंडीत उबेसाठी पाली आणि उंदीर आत शिरतात. दर सहा महिन्यांनी यूपीएस किती मिनिटे टिकतो ते पाहून पेटीवर खडूने लिहावे.

यंत्र चांगले, पण काळ बदलला

कधी भाग शाबूत असतात आणि तरी यंत्र मागे पडते. विंडोज १० या प्रणालीची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ साधारण २०१७ पूर्वीच्या प्रोसेसरना अधिकृतपणे स्वीकारत नाही. आपला अभ्यासिकेतला संगणक त्यातच मोडतो. परंतु त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली बसवता येते. तिच्यात मराठी टंकलेखन होते, अर्ज भरता येतात, व्याख्याने पाहता येतात. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर तोच संगणक नव्यासारखा चालू लागतो.

आणि खरोखरच शेवट झाला तर? जळगाव-धुळ्यात भंगार वेचणारे हात कुणाचे आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. तांब्यासाठी तारा जाळल्या की त्यांच्या आवरणाचा विषारी धूर त्याच वस्तीतल्या मुलांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच तो द्यावा, गल्लीत फेकू नये.

विनयपिटकात आनंद स्थविर आणि उदयन राजा यांचा एक प्रसंग आहे. राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दिली. राजाला शंका आली की एवढी वस्त्रे घेऊन हे करणार काय? आनंद म्हणाले की ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटीन. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची आच्छादने. ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झाडण्याचे फडके, आणि शेवटी चिंध्या करून चिखलात मिसळून जमीन सारवणे. राजा समाधान पावला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

सभासदांची वर्गणीही असेच दान आहे. त्यातून आलेली वस्तू आपण कशी वापरतो हे देणारा पाहत असतो. सध्या अभ्यासिकेतला जुना संगणक चालू आहे. पेटीच्या आत, नव्या सेलच्या शेजारी, तो बसवल्याची तारीख त्या विद्यार्थ्याने चिठ्ठीवर लिहून चिकटवली आहे. आपापल्या घरच्या पेटीत प्रत्येकाने एवढे केले तरी या लेखाचे काम झाले.